धोका, कावीळ, साथ : आरोग्यविषयक शब्दांचे वाद
सार्वजनिक आरोग्यावरील संकटात एकच शब्द लोक, डॉक्टर आणि प्रशासन निरनिराळ्या अर्थाने वापरतात, त्यातून उद्भवणारे मतभेद. कोल्हापूर परिसरात ते पंचगंगेचा पूर आणि पाण्यातून पसरणारे आजार यांच्या संदर्भात ठळकपणे दिसतात.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. पाणी त्याखाली उतरले की ‘धोका टळला’ म्हणतात. पुराच्या हिशेबाने ते बरोबर आहे. आरोग्याचा धोका मात्र तेव्हाच सुरू होतो : मैला मिसळलेल्या विहिरी, कुजलेली जनावरे आणि उंदरांच्या मूत्रातून चिखलात उतरलेले लेप्टोस्पायरोसिस ऊर्फ ‘लेप्टो’ या तापाच्या आजाराचे जंतू.

सर्वांत घातक घोटाळा ‘कावीळ’ या शब्दाचा आहे. बोलण्यात तो एक रोग. वैद्यकात ते केवळ लक्षण, रक्तात बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य वाढून डोळे व त्वचा पिवळी पडण्याचे. हिपॅटायटिस ए व ई (दूषित पाण्यातून पसरणारे यकृताचे विषाणूजन्य आजार), लेप्टो, पित्तनलिकेत अडकलेला खडा, या सर्वांत डोळे पिवळे होतात. कावीळ ‘उतरवून’ घेण्याची पद्धत टिकून आहे, कारण हिपॅटायटिस ए व ई बहुतेकांत आपोआप बरे होतात आणि श्रेय उतरवणाऱ्याला मिळते. पण लेप्टोवर वेळेत प्रतिजैविक मिळाले तर जीव वाचतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई झालेल्या शंभरातील 20 ते 25 स्त्रिया दगावू शकतात. अशा बाईला ‘कावीळच आहे, पथ्य पाळ’ असे सांगून घरी ठेवणे अक्षम्य आहे.

2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. हिपॅटायटिस ई संसर्गानंतर 2 ते 10 आठवड्यांनी दिसू लागतो. त्यामुळे आजचा पाण्याचा नमुना निर्दोष निघाला, तरी महिन्यापूर्वीचे पाणी दूषित असू शकते. ‘पाणी चांगले आहे’ आणि ‘पाण्यानेच माणसे आजारी पडली’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी ठरतात. ‘शुद्ध’ म्हणजे घरात नितळ, बिनवासाचे; प्रयोगशाळेत 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलाय हा मैल्यातील जिवाणू न सापडणारे. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

‘साथ’ कधी म्हणायची, हाही जुना वाद. गल्लीत चार घरी ताप आला की लोक साथ म्हणतात. आरोग्य यंत्रणा त्या जागी, त्या काळात नेहमी किती रुग्ण असतात ते आधी पाहते. 1897 च्या साथरोग कायद्यात ‘धोकादायक साथरोग’ या शब्दांची व्याख्याच दिलेली नव्हती.