फी माफ झाली, मेसचं काय? शिक्षण-मदत आणि कामधंद्याची कोल्हापुरी पार्श्वभूमी

निकाल लागले की कोल्हापुरातल्या सेतू केंद्रांवर एकाच कागदासाठी झुंबड उडते: उत्पन्नाचा दाखला. तलाठ्याचा अहवाल, तहसीलदाराची सही आणि मुदत ३१ मार्चपर्यंत. अभियांत्रिकी असो, फार्मसी असो की डिप्लोमा, सरकारी मदत मागायची तर हा कागद आधी लागतो. पुढे मात्र वाटा फुटतात. फीचं खातं वेगळं, राहण्या-जेवणाचं वेगळं आणि शिकून झाल्यावर हाताला काम मिळवून देणारं तिसरंच. इतर जिल्ह्यांत हे कुणाला खटकत नसेलही, पण कोल्हापुरात खटकावं, कारण इथे या गोष्टी सुरू झाल्या तेव्हा तिन्हींचा विचार एकत्र झाला होता.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ मध्ये कारभार हाती घेतला. भुदरगड किंवा पन्हाळ्याकडच्या मुलाला शाळेपुढे शिकायचं तर शहरात येऊन राहावं लागे, आणि घरच्यांना फीपेक्षा दोन वेळचं जेवण जड जाई. म्हणून पैसा आधी वसतिगृहांकडे वळला. १८९६ चं राजाराम वसतिगृह सर्व जातींसाठी होतं, पण प्रत्यक्षात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांनीच भरलं, कारण कॉलेजपर्यंत पोहोचणारे तेच होते. नुसतं दार उघडं ठेवून भागत नाही, हे त्यातून कळलं. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये लिंगायत बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह अशी रांग लागली. जातवार बोर्डिंगांवर टीका तेव्हाही झाली, आजही होते. पण त्या काळी एका पंगतीला न बसणाऱ्या समाजांतून मुलं बाहेर काढायची तर ही वाट सर्वांत लवकर पोहोचवणारी होती, आणि ती पोहोचलीही.

बोर्डिंगमधून शिकून निघालेला मुलगा पुढे करणार काय, याचं उत्तर २६ जुलै १९०२ च्या हुकुमात आहे. महाराज तेव्हा विलायतेत होते. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भरायच्या, हा त्यातला भाग सर्वांना पाठ असतो. त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग कमी वाचला जातो. अलीकडे म्हटलं आहे की सर्व वर्गांत शिक्षण पसरावं म्हणून दरबारनं प्रयत्न केले, पण उच्च शिक्षण मागासलेल्या वर्गांपर्यंत हवं तसं पोहोचलं नाही, म्हणून नोकऱ्यांचा मोठा वाटा त्यांच्यासाठी ठेवायचा. म्हणजे नोकरी हे शिकण्याचं कारण म्हणून मांडलेलं आहे. पलीकडे हिशेब आहे: प्रत्येक खातेप्रमुखानं नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी पाठवायचा. आजच्या कित्येक योजनांच्या शासन निर्णयात असं कलम सापडत नाही.

बडोद्याची रीत वेगळी होती. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना अमेरिकेसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, ती परत आल्यावर १० वर्षं संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. तिथे नोकरी ही शिष्यवृत्तीची परतफेड होती, इथल्या हुकुमात ती पुढची पायरी होती.

१९१७ मध्ये संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड. १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं, म्हणजे गावचं दप्तर वंशपरंपरेनं सांभाळण्याचे हक्क, बंद करून पगारी तलाठी नेमले गेले. वंशपरंपरेनं चालणारं दप्तर एकाएकी पगारी माणसाच्या हाती द्यायचं तर हिशेब आणि जमीन-महसुलाची कामं शिकलेली माणसं तयार असावी लागतात. ती तयार केली गेली, आणि त्यांत अस्पृश्य समाजातले तरुणही तलाठी झाले. राज्यानं स्वतःच्या गरजेपुरतं मनुष्यबळ घडवल्याचं याहून नेमकं उदाहरण या भागात नाही. आज उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ज्या तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात, त्याचं पद असं जन्माला आलं आहे.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि निर्णय मुंबई-दिल्लीत गेले. अनुसूचित जातींसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरूच होती; पुढे ती समाजकल्याण खात्याची झाली. आयटीआयमधून कारागीर घडवण्याची योजना १९५० ची, ती कामगार-रोजगाराच्या बाजूला गेली. १९५९ च्या सुमारास यशवंतराव चव्हाणांच्या काळात ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची, सवलत आली, ती शिक्षण खात्याची. ‘बाराशेच्या आत’ हा शब्दप्रयोग त्या पिढीच्या तोंडी अजून आहे: वार्षिक उत्पन्न १,२०० रुपयांच्या आत असेल तर फी माफ. जात न विचारता फक्त उत्पन्न पाहणारी ही पहिली मोठी सवलत. खेड्यापाड्यांतून ज्या घरांत पहिला पदवीधर झाला, त्यांतली कितीतरी घरं हिच्यावर उभी राहिली. पण ती फीपुरती होती. जेवणाचं ज्याचं त्यानं पाहायचं.

ती उणीव रयत शिक्षण संस्था आधीपासूनच कमवा आणि शिका या मार्गानं भरून काढत होती. कर्मवीर भाऊराव पाटील जन्मले हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला आणि शिकले कोल्हापुरात. संस्था त्यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात काढली. सातारच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात १९४७ पासून मुलं शेतात, बांधकामावर राबून शिकत होती. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांनी गारगोटीच्या मौनी विद्यापीठात शेती, तंत्रशिक्षण आणि गावचं काम एकत्र बांधायचा प्रयत्न केला, आणि पुढे १९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव झाले. ‘कार्यानुभव’ हा शब्द त्या अहवालानं देशभर नेला. शाळांत मात्र त्याचा कागदी फुलं आणि खडू बनवण्याचा तास झाला.

१९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली आणि चित्र पालटलं. कोल्हापुरातलं केआयटी हे अभियांत्रिकी कॉलेज त्याच वर्षीचं. जागा वाढल्या, मुलं पुण्या-मुंबईला जायची ती इथेच थांबली. पण फी आता शिकवण्याच्या खर्चावरून ठरू लागली, आणि बाराशेच्या काळातली माफी इथे पुरणारी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालातून कमी फीच्या फ्री सीट आणि जास्त फीच्या पेमेंट सीट आल्या. २००२ मध्ये टीएमए पै निकालानं ती पद्धत मोडली. पुढची बरीच वर्षं मागासवर्गीयांना फीची सरकारी प्रतिपूर्ती आणि बाकीच्या मध्यम-गरीब घरांना बँकेचं कर्ज असा मामला होता. २०१६ च्या मराठा मूक मोर्चांत आरक्षणाइतकाच फीचा राग होता. त्याच ऑक्टोबरात ईबीसीची मर्यादा १ लाखावरून, गुणांच्या अटीसह, ६ लाखांपर्यंत नेली गेली. योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं आणि २०१८ मध्ये मर्यादा ८ लाख झाली.

आता पैशांकडे पाहू. समजा खासगी कॉलेजची ठरलेली फी १,००,००० आहे. त्यात शिकवणी फी ९०,००० आणि विकास निधी १०,०००. राजर्षी शाहू योजना शिकवणी आणि परीक्षा फीच्या निम्मी देते, म्हणजे शिकवणीपोटी ४५,०००. विकास निधी तिच्यात येत नाही. घरून ५५,००० भरायचेच. जुलै २०२४ च्या निर्णयानं ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना ८ लाखांच्या आत १०० टक्के शिकवणी-परीक्षा फी मिळू लागली. तिथेही विकास निधीचे १०,००० उरतातच, आणि ‘मुलींना सगळं मोफत’ ऐकून आलेले पालक काउंटरवर भांडतात. दुसरी ठेच कॅपची. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झाला तरच लाभ. शेवटच्या फेरीत हवी ती शाखा मिळाली नाही म्हणून संस्था स्तरावरची जागा घेतली की लाभ गेला, आणि तो त्या वर्षापुरता नव्हे, अख्ख्या कोर्सभर.

उत्पन्नाच्या दाखल्यातही गोम आहे. नोकरदाराचा फॉर्म १६ रुपयापर्यंत बोलतो. शेतकऱ्याचं उत्पन्न सातबारा, ८अ आणि तलाठ्याच्या अंदाजावर ठरतं. त्यामुळे ऊसवाल्या बागायतदाराचा दाखला कमी आणि ८ लाखांच्या जरा वर गेलेला शिक्षक बाहेर, असं घडतं. उलट टोकाला पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. सुरुवातीला महानगरांत वर्षाला ३०,००० आणि इतरत्र २०,००० असलेला हा भत्ता अल्पभूधारक आणि ‘नोंदणीकृत’ मजुरांच्या मुलांसाठी होता. नोंदणी नसलेल्या मजुराचं पोर, म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज, ते या एका शब्दावर अडायचं. तेव्हाचे २०,००० म्हणजे १० महिन्यांचे महिना २,०००. तेवढ्यात कोल्हापुरात खोली भागवायची की मेस, हे ज्याचं त्यानं ठरवायचं होतं.

२०१७-१८ पासून हे सगळं महाडीबीटी या राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर गेलं. पहिल्या वर्षी पोर्टल अडखळलं, पुढे रुळलं. अर्ज विद्यार्थ्याकडून कॉलेजच्या लिपिकाकडे, तिथून प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाच्या कार्यालयात आणि शेवटी कोषागारात जातो. बहुतेक अर्ज लिपिकाच्या टप्प्यावर परत येतात: दाखला मागच्या वर्षाचा, अलॉटमेंट लेटर चुकीच्या फेरीचं, फोटो काढताना कापला गेलेला बारकोड. परत आलेला अर्ज विद्यार्थ्यानं पुन्हा पाठवावा लागतो, आणि एसएमएस बापाच्या जुन्या नंबरवर गेलेला असतो. मंजूर झाल्यावरची चूक निराळी. आधार खात्याला ‘जोडलेलं’ असणं आणि पैसे येण्यासाठी ते एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट संस्थेच्या नोंदीत त्या बँकेपुढे लागलेलं असणं, या दोन गोष्टी आहेत. नोंद एका वेळी एकाच बँकेची राहते. मुलानं मोबाइलवर नवं खातं उघडलं की नोंद तिकडे सरकू शकते; मग पैसे तिथे पडतात, आणि तो जिल्हा बँकेचं पासबुक भरून घेत बसतो.

कामाच्या बाजूचा कायदा १९६१ चा, शिकाऊ उमेदवारीचा. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक, ४ ते २९ असतील तर मर्जीवर. शिवाजी उद्यमनगरातली शेडं बहुतेक या मर्जीच्या रकान्यात बसतात. मोठ्या फाउंड्र्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडे. ज्या उद्योगावर शहर उभं आहे, त्याच्या मोठ्या भागाला कायदा हातच लावत नाही.

फाउंड्रीत नवख्याला शिकवायचं काय असतं? साच्याच्या ओल्या वाळूतला, म्हणजे ग्रीन सँडमधला, ओलावा साधारण ३ ते ४ टक्के हवा. तो वाढला की ओतताना वाफ कोंडते आणि कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे पोकळ छिद्रं, येतात. कमी झाला की साच्याची कड ढासळते आणि वाळू धातूत पडते. जुना मोल्डर मूठ वळून, मोडून पाहतो. आयटीआयचा मुलगा मीटरवर मोजतो, पण आकडा आला की बेंटोनाइट ही बांधणारी माती किती आणि पाणी किती हे त्याला सहा-आठ महिने उभं राहूनच कळतं. त्या महिन्यांत तो परवडेल कसा, हा खरा प्रश्न आहे.

२०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्या शिकाऊ उमेदवाराला किमान ७,००० विद्यावेतन ठरवलं. राष्ट्रीय योजनेतून त्याचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५००, केंद्र देतं. मालकाच्या खिशातून ५,५०० जातात. जुलै २०२४ मध्ये राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली: १२ वीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००, सगळे सरकारकडून, मुदत आधी ६ महिने, मग वाढवून ११. मालक कुठला मुलगा घेईल हे सांगायला नको. पण शिकाऊ उमेदवारीच्या शेवटी परीक्षा आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र असतं, या योजनेत ते नाही. ११ महिने संपले की मुलाच्या हातात फक्त अनुभवाचा कागद राहतो.

आणि प्रत्येक ठिकाणी नोंदणी नव्यानं. महाडीबीटी, राज्याचं रोजगाराचं महास्वयम, शिकाऊ उमेदवारीचं केंद्राचं पोर्टल, पदवीधर-डिप्लोमावाल्यांचं आणखी एक. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, बँकेत वडिलांच्या नावाचं एकच अक्षर. ज्या पोर्टलनं पाच वर्षं फी दिली, त्याच्या नोंदीवरून पुढचं पोर्टल मुलाला ओळखत नाही. आधारमधलं नाव दुरुस्त करायला तो पुन्हा रांगेत उभा राहतो.