बारावीची मरगळ आणि एक गुणाकार

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या फिजिक्स लॅबबाहेर दरवर्षी रांग लागते. हातात जर्नल, चेहऱ्यावर घाई, कारण सर्टिफिकेटवर सही झाल्याशिवाय बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बसता येत नाही. मागच्या वर्षी त्या रांगेतल्या एका पोराचं जर्नल उघडलं. चौथ्या प्रयोगापर्यंत सगळं कसं देखणं, डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने मीटर ब्रिज काढलेला, रीडिंगचा तक्ता पट्टीने आखलेला, अक्षर पण मोत्यासारखं. पाचव्यापासून पुढे नुसती प्रयोगांची नावं, खाली पान कोरं. दहावीला नव्वदच्या वर मार्क होते बरं का याला. म्हटलं काय झालं रे, तर म्हणे, "माहीत नाही मॅम, रोज बसतो, पण होतच नाही."

स्टाफरूममध्ये या "होतच नाही"ची उत्तरं तयार असतात. मोबाईल, लाड, माज. मी पण कित्येक वर्षं हेच म्हणत आले, खोटं कशाला बोलू. पण दर बॅचला तशीच चार-सहा चांगली मुलं त्याच महिन्यात ढेपाळायला लागली तेव्हा वाटलं की हे नुसत्या आळसाचं काम नसावं, आणि मग मानसशास्त्रातलं काय काय वाचत बसले.

त्यात एक फार कामाची गोष्ट सापडली. जॉन अ‍ॅटकिन्सन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये प्रेरणेचं चक्क एक गणित मांडलं होतं. पुढे १९८० च्या दशकात जॅकलिन एक्लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कल्पना शाळकरी मुलांना, विशेषतः त्यांच्या गणिताच्या अभ्यासाला लावून पाहिली. सोप्या भाषेत सांगायचं तर अभ्यासाला बसण्याआधी डोक्यात दोन प्रश्न फिरतात, "मला हे जमेल का" आणि "जमलं तरी त्याचं मला काय". शिवाय यासाठी काय काय सोडावं लागणार हा हिशोब मागे चालू असतोच. आता गंमत अशी की अ‍ॅटकिन्सनच्या मांडणीत या गोष्टींची बेरीज नाही, गुणाकार आहे. बेरीज असती तर एक बाजू कमी पडली तरी दुसरीने भरून काढलं असतं. गुणाकारात एक आकडा शून्य झाला की संपलं, दुसरा कितीही मोठा असो, उत्तर शून्यच.

आणि आपल्याकडच्या बारावी सायन्सने तर या दोन्ही आकड्यांना शून्याकडे ढकलायची चोख व्यवस्था करून ठेवलीय.

आधी "त्याचं मला काय" घ्या. राज्यातलं इंजिनिअरिंगचं अ‍ॅडमिशन होतं सीईटीच्या पर्सेंटाइलवर, बोर्डात पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) खुल्या गटात ४५ टक्के आणि राखीव गटात ४० टक्के असले की पात्रता झाली. हे पोरांना अकरावीच्या पहिल्याच महिन्यात कळतं, सिनियर सांगतात. मग ७० मार्कांच्या थिअरीसाठी पानभर डेरिव्हेशन पाठ करा आणि ३० मार्कांच्या प्रॅक्टिकलसाठी जर्नल लिहा असं आम्ही सांगतो तेव्हा पोरगा समोर मान हलवतो आणि मनात म्हणतो, कशाला? खरं सांगू का, त्याचा हिशोब अगदीच चुकीचा नाहीये. इंटिग्रेटेडवाल्या, म्हणजे कॉलेजऐवजी क्लासमध्येच बसणाऱ्या पोरांचं तर कॉलेज म्हणजे निव्वळ नावापुरतं. एनआयटीसाठी बोर्डाच्या ७५ टक्क्यांची अट आहे म्हणून जेईईवाले तरी थोडं सिरियसली घेतात. मेंदू लबाडी करत नसतो, तो भाव बघून माल घेतो.

अमेरिकेत पण शाळेच्या शेवटच्या वर्षी असंच होतं, तिथे गमतीने त्याला सिनिअरायटिस म्हणतात, जणू काही आजारच. पण तिथली गोष्ट उलटी आहे. तिथल्या बऱ्याच मुलांना वर्ष संपायच्या आधीच कॉलेजचं पत्र आलेलं असतं आणि मग ती सैल पडतात, इतकी की मार्क फारच घसरले तर कॉलेज दिलेला प्रवेश काढूनही घेऊ शकतं. तिकडे पोरं किल्ला जिंकून झोपतात, आपली पायथ्याशीच बसकण मारतात, आणि म्हणून मला आपला प्रकार जास्त गंभीर वाटतो.

कारण आपल्याकडे बऱ्याचदा दुसरा आकडा शून्य झालेला असतो, "मला जमेल का" हा. जर्नलवाल्या पोराचं तेच निघालं. सीईटीच्या मॉकमध्ये चार वेळा सलग २०० पैकी सत्तर-ऐंशीच्या घरात, आणि क्लासवाले दर रविवारी रात्री रँक लिस्ट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणार, आईबाबा पण त्याच ग्रुपमध्ये. पहिल्या दोन वेळा त्याने जास्त अभ्यास केला, मार्क हलले नाहीत. तिसऱ्यापासून पुस्तक उघडलं की पोटात गोळा यायला लागला म्हणे.

इथे एक जुना प्रयोग आठवतो, जरा क्रूर आहे. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले की कुत्र्याने काहीही केलं तरी ते थांबायचे नाहीत, काहींना मात्र ते थांबवता यायचे. मग त्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका. ज्यांना आधी झटके थांबवता आले होते ते उडी मारून मोकळे झाले, आणि ज्यांच्या हातात काहीच नव्हतं त्यातले बरेचसे तिथेच पडून राहिले, झटके खात. त्यांनी याला शिकलेली असहायता म्हटलं, आणि पुढची काही दशकं पुस्तकांत तेच छापलं गेलं.

पण खरी मजा तर पुढे आहे. मायरनी नंतर उंदरांच्या मेंदूवर वर्षानुवर्षं काम केलं आणि २०१६ मध्ये या दोघांनीच लिहिलं की आम्ही उलटं समजलो होतो. त्रास लांबला की गलितगात्र होणं ही शिकलेली गोष्ट नाहीच, ती मेंदूची मुळातलीच प्रतिक्रिया, मेंदूच्या देठातला सेरोटोनिनवाला एक भाग पेटतो आणि प्राणी थंड पडतो. शिकावं लागतं ते "हे माझ्या हातात आहे" हे. कपाळामागच्या मेंदूच्या एका भागाला तसा अनुभव मिळाला की तो खालच्या त्या भागाला ब्रेक लावतो, आणि हा ब्रेक एकदा बसला की पुढच्या संकटातही काही प्रमाणात कामी येतो. उंदीर म्हणजे बारावीचा विद्यार्थी नव्हे हे मान्य. तरी मला यातून एवढं कळलं की खचलेल्या पोराला "हिंमत हरू नको" सांगण्यात फारसा दम नाही. त्याने काहीतरी केलं आणि त्यामुळे काहीतरी बदललं, असं त्याच्या डोळ्यांदेखत व्हायला पाहिजे, मग ते कितीही छोटं असो.

घरचे मात्र इथे दुसरंच औषध काढतात, नव्वद पाड, आयफोन घेतो. १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत मार्क लेपर आणि त्यांच्या साथीदारांनी चित्रं काढायची आवड असलेली ३ ते ५ वर्षांची मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की स्केचपेनने चित्र काढलंत तर सोनेरी स्टार आणि रिबीनवालं सर्टिफिकेट मिळेल, काहींना ते न सांगता अचानक दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी परत पाहिलं तर बक्षीस कबूल केलेली मुलं मोकळ्या वेळात स्केचपेनकडे बाकीच्यांच्या निम्म्यानेच जात होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे बक्षीस वाईट असं नाही, सौदा वाईट, आणि तोही जिथे आधी थोडीफार आवड होती तिथे. ज्याला केमिस्ट्री पहिल्यापासूनच नकोशी आहे त्याची आवड आयफोनने काय मरणार!

मग दिवाळीनंतरच का? क्लार्क हल यांनी १९३२ मध्येच मांडलं होतं की उंदीर खाण्याच्या जवळ येतो तसा त्याचा वेग वाढतो. सुरुवातीला माणसं किती पुढे आलो ते मोजतात, शेवटी किती उरलं ते, आणि मध्यावर दोन्ही टोकं सारखीच लांब दिसतात म्हणून तिथे जोर सर्वात कमी पडतो, असंही नंतरच्या प्रयोगांत दिसलंय. जूनमधली नवी वही जुनी झालेली, फेब्रुवारीतला पेपर अजून दूर. नोव्हेंबर म्हणजे नेमका तो मधला खड्डा.

त्यात झोपेचे वांधे. किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही आणि गरज असते ८ ते १० तासांची. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका म्हणून सांगितलं, चांगलंच केलं, पण ज्यांचं घड्याळ खरंच उशिराचं आहे ती पोरं पहाटे साडेसहाला क्लासच्या जिन्यात जांभया देत उभी असतात त्याचं काय?

एक मात्र आहे. दोन आठवडे सलग जेवण, मित्र, क्रिकेट कशातच मन लागत नसेल, किंवा जगणंच नको असं काही बोलत असेल, तर ती मरगळ समजून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा किंवा टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

तर त्या पोराचं मी काय केलं? १९८१ मध्ये अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक यांनी गणितात कच्च्या असलेल्या लहान मुलांना ४२ पानांची वजाबाकी दिली होती. काहींना म्हटलं दर वेळी सहा पानांचं बघा, काहींना म्हटलं शेवटी बेचाळीस व्हायला हवीत. सहावाली मुलं पुढे गेली, आणि वजाबाकी आवडायलाही लागली. बेचाळीसवाल्यांना त्या ध्येयाचा काहीच उपयोग झाला नाही. मी म्हटलं, पूर्ण जर्नल नकोच मला, रोज एक प्रयोग लिहून आण, मी तिथल्या तिथे तपासते. आणि मॉकचं पण तसंच, रँक बघायची नाही, चुकलेल्यातले फक्त सहा प्रश्न सोडवायचे.

दोन दिवस आला, मग तीन दिवस गायब. मी काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत सोनोमीटरचा प्रयोग लिहून घेऊन आला, आकृती चक्क पेनने, दोन ठिकाणी व्हाइटनर, आणि टेबलातलं तिसरं रीडिंग बाकीच्यांशी अजिबात जुळत नव्हतं. "हे असं का आलं?" विचारलं तर म्हणाला, "तार सैल होती मॅम, मला नंतर कळलं, परत घेऊ का?" डबा तसाच ठेवून आम्ही लॅब उघडली.