चित्राखालच्या पाटीवरून गेलेली नावं

कलासंग्रहालय कितीही लहान असो, तिथे एकदा नुसत्या चित्रांखालच्या पाट्या वाचत फिरावं. भिंतींवर बायका भरपूर असतात: देव्या, राण्या, आया, नग्न मॉडेल. चित्रकाराच्या नावात मात्र त्या क्वचितच सापडतात. ‘तेव्हा बायका चित्रं काढतच नव्हत्या’ हे यावरचं ठरलेलं उत्तर आहे आणि ते साफ चुकीचं आहे.

युरोपात कित्येक शतकं सर्वांत मान होता तो पुराणातल्या आणि इतिहासातल्या प्रसंगचित्रांना. त्यासाठी नग्न मॉडेलवरून रेखाटनाचा सराव लागे, आणि त्या वर्गात स्त्रियांना मज्जाव होता. लंडनची रॉयल अकॅडमी ही कलावंतांची संस्था १७६८ मध्ये स्थापन झाली तेव्हा संस्थापक सदस्यांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर होत्या. तरी योहान झोफानीने काढलेल्या सदस्यांच्या समूहचित्रात पुरुष मंडळी नग्न मॉडेलभोवती जमली आहेत आणि या दोघी भिंतीवरच्या तसबिरींत टांगलेल्या आहेत. त्यांच्यानंतर पूर्ण सदस्यत्व मिळालं ते लॉरा नाइट यांना, थेट १९३६ मध्ये. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेने विद्यार्थिनींना घेतलं १८९७ पासून. उरली फुलं, फळं, व्यक्तिचित्रं. त्यात त्यांनी नाव काढलं, पण हे प्रकारच खालच्या पायरीचे ठरवलेले होते.

दुसरा अन्याय नोंदींचा, आणि मला तो अधिक बोचतो. हॉलंडमधल्या हार्लेम शहरातली चित्रकर्ती युडिथ लेस्टर १६३३ मध्ये तिथल्या चित्रकारांच्या संघाची सदस्य झाली. पुढे एका चित्रकाराशी तिचं लग्न झालं, १६६० मध्ये ती वारली आणि तिची चित्रं दुसऱ्यांच्या नावावर जाऊ लागली. आज पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात असलेलं तिचं १६३० चं एक चित्र पाहा: व्हायोलिन वाजवणारा पुरुष, शेजारी हसत पेला उंचावणारी बाई. हे चित्र हार्लेमच्याच नामवंत चित्रकार फ्रान्स हाल्सचं म्हणून विकलं गेलं होतं. १८९३ मध्ये त्यावर जे आणि एल ही अक्षरं व चांदणी अशी तिची खूण ओळखू आली. त्यावर न्यायालयात वाद झाला तो किमतीचा, कारण चित्र हाल्सचं नाही म्हटल्यावर ते स्वस्त झालं. चित्र तेच होतं, रंगाचा एक फटकाराही बदलला नव्हता.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात खिडकीपाशी बसून रेखाटन करणाऱ्या एका तरुणीचं १८०१ चं चित्र आहे. अनेक वर्षं ते नामवंत फ्रेंच चित्रकार जाक-लुई दाविदचं मानलं जाई. ते एका स्त्रीचं असावं असं १९५१ मध्ये मांडलं गेलं, तेव्हा त्याच लेखात त्यातल्या झाकलेल्या उणिवाही दाखवून झाल्या! आज ते मारी-दनीज व्हिलेर यांचं मानतात.

१९७१ मध्ये कला-इतिहासकार लिंडा नॉकलिन यांनी थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत हा प्रश्नच उलटा करून संस्थांकडे बोट दाखवलं. तरी माद्रिदच्या १८१९ मध्ये उघडलेल्या प्रादो संग्रहालयात एका चित्रकर्तीचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरायला २०१६ उजाडलं. ती सतराव्या शतकातली क्लारा पेटर्स. तिने आपल्या स्थिरचित्रांतल्या, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्रांतल्या, चकचकीत पेल्यांवर स्वतःचे इवलेसे चेहरे प्रतिबिंबांसारखे रंगवले आहेत, आणि प्रादोकडे तिची चित्रं आधीपासूनच होती. म्हणून आपल्या जवळच्या संग्रहालयात गेल्यावर भांडारातल्या नोंदवहीबद्दलही विचारावं: ‘अज्ञात चित्रकार’ म्हणून किती चित्रं नोंदली आहेत, आणि त्यांवरच्या सह्या शेवटच्या कधी तपासल्या?