भूमिसफाईची बुलडोझर-पाती

भूमिसफाईची बुलडोझर-पाती : झाडझाडोरा कापणे, खुंट व मुळे उपटणे, पडलेला माल ओळीने रचणे आणि कुंपणासाठी पट्टा मोकळा करणे या कामांसाठी साखळीपट्ट्यांच्या ट्रॅक्टरला पुढून जोडण्याची पोलादी साधने. आज अख्ख्या यंत्रालाच बुलडोझर म्हणतात. आरंभी हे नाव केवळ पात्याचे होते आणि यंत्र ‘ट्रॅक्टर’ म्हणूनच ओळखले जाई. प्रस्तुत विषयात हा भेद पाळणे इष्ट, कारण ट्रॅक्टर रेटा देतो. जमिनीचे पुढे काय होणार, हे पाते ठरविते.

शब्दाचा उगम वादग्रस्त आहे. १८७६ च्या सुमारास अमेरिकेतील लुइझियाना राज्यात निवडणुकीच्या वेळी कृष्णवर्णीय मतदारांना दहशत घालण्यासाठी जे फटक्यांचे प्रकार झाले, त्यांच्या संदर्भात ‘बुलडोझ’ हे क्रियापद वृत्तपत्रांत आले. ‘बैलाला पुरेल एवढी मात्रा’ असा त्याचा अर्थ बहुधा सांगितला जातो. त्यानंतर दांडगाई करणारा माणूस, मोठे पिस्तूल आणि लोखंड वाकविणारे कारखान्यातील दाबयंत्र असे अर्थ त्याला चिकटले. पात्याला हे नाव दांडगाईच्या अर्थावरून मिळाले की दाबयंत्रावरून, याविषयी मतभेद आहेत. पोलादी तोंडाने माल रेटणे हे दोन्हींतील साम्य पाहता दुसरे मत अधिक संभवनीय वाटते. ट्रॅक्टरच्या संदर्भात हा शब्द १९३० च्या आसपास रुळला.

शोधाचे श्रेय सामान्यतः कॅन्ससमधील मॉरोव्हिल येथील शेतकरी जेम्स कमिंग्ज आणि आरेखक जे. अर्ल मॅक्लाउड यांना देतात. तेलवाहिनीचे चर खेचरांकरवी बुजविले जात असल्याचे पाहून त्यांनी १९२३ मध्ये ट्रॅक्टरपुढे जोडायचे पाते तयार केले. त्याचे एकस्व (पेटंट, क्र. १५,२२,३७८) ६ जानेवारी १९२५ रोजी मिळाले. तथापि फळीच्या मागे खेचरे जुंपून माती ढकलण्याची रीत त्याआधीची असून बेंजामिन होल्ट यांचा साखळीपट्ट्यांचा ट्रॅक्टर १९०४ पासून होताच. ट्रॅक्टरला फळी बांधून पाहणारे इतरही असावेत. त्यामुळे कमिंग्ज-मॅक्लाउड यांना पहिल्या नोंदलेल्या रचनेचे मानकरी म्हणणे अधिक रास्त ठरेल. पुढील दोन दशके पाती बनविणारे व ट्रॅक्टर बनविणारे बहुधा वेगळेच होते. लटूर्नो यांची तारदोराने व लाप्लांट-चोट यांची द्रवदाबाने (हायड्रॉलिक पद्धतीने) उचलली जाणारी पाती या काळातील होत. अखेर द्रवदाबाची पद्धत टिकली, कारण तारदोराचे पाते स्वतःच्या वजनानेच खाली येते, तर द्रवदाबाने ते जमिनीत दाबता येते.

सरळ, ‘यू’ आकाराचे व तिरके ही पाती मुळात मातीकामाची. निव्वळ भूमिसफाईसाठी घडविलेल्यांत अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील रोम कंपनीचे ‘के/जी’ कातरपाते प्रसिद्ध आहे. ते सुमारे ३०° तिरके असून त्याची खालची धार नियमितपणे घासून तीक्ष्ण ठेवावी लागते. पुढे आलेल्या टोकाला ‘नांगी’ म्हणतात. जाड बुंध्यात नांगी खुपसून तो आधी चिरतात, मग धारेने जमिनीलगत कापतात. वरचा दांडा झाडाला पुढे पाडतो. व्हिएतनाम युद्धात १९६७ पासून अमेरिकी सैन्याने डी-७ ट्रॅक्टरांना ही पाती लावून रस्त्यांच्या दुतर्फा व सायगॉनच्या परिसरात अफाट अरण्य साफ केले. ‘रोम प्लाउ’ हे नाव जगभर झाले ते यामुळे, नांगराशी त्याचा संबंध नसतानाही.

शेतीच्या दृष्टीने खरा प्रश्न वरच्या मातीचा आहे. सरळ पात्याने झुडपे ढकलली की सुपीक थर त्यांच्याबरोबर ढिगात जातो. पेरूतील युरिमाग्वास येथे १९७० च्या दशकात बुलडोझरने साफ केलेल्या रानात पिके तोडून-जाळून केलेल्या शेतापेक्षा फार कमी आली. माती दबणे, वरचा थर सरकणे आणि राखेचे खत न मिळणे ही कारणे संशोधकांनी दिली. नायजेरियात इबादान येथील प्रयोगांत झाडढकल (झाड ढकलून पाडणारा दांडा) व मूळदंताळे (मुळे उपटणारे दातेरी पाते) यांनी साफ केलेल्या जमिनीची धूप सर्वांत जास्त, कातरपात्याची तिच्याहून बरीच कमी आणि हाताने केलेल्या सफाईची आणखी कमी आढळली. दंताळ्याच्या दातांतून माती निसटते हे खरे, पण मुळांसकट उपटलेल्या झाडाखालची जमीन उघडी पडतेच. म्हणून मुळे जागीच ठेवणारे कातरपाते, आणि तेही कोरड्या हंगामात, हा पर्याय प्रस्तुत लेखात श्रेयस्कर मानला आहे.

कुंपणरेषेसाठी बहुधा तिरके पाते वापरतात. सुमारे २५° कोनात ते वळविले की माल एकाच बाजूस पडतो आणि दुसऱ्या बाजूस खांब रोवायला जागा राहते. हा ढीग कुंपणाला खेटून ठेवू नये. वणव्यात तो पेटला की तारा निकामी होतात. ऑस्ट्रेलियात कुंपण समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणारी रेषा) न पाहता सरळ नेले जाते, त्यामुळे उतारावरील मोकळा पट्टा पावसात ओघळ बनतो. त्यावर क्वीन्सलँडमध्ये ‘व्होआ बॉय’ नावाचे मातीचे आडवे बांध घालतात. तेथील ब्रिगॅलो बाभूळ दोन ट्रॅक्टरांमध्ये जड साखळी ओढून पाडीत, पण मुळांपासून ती पुन्हा फुटते. म्हणून जमिनीखालून मुळे कापणारा पातेनांगर पुढे वापरात आला.

भारतात १९४९ च्या जागतिक बँकेच्या कर्जातून कांस गवताच्या निर्मूलनासाठी जड ट्रॅक्टर आले. ते मुख्यतः खोल नांगरटीचे काम होते. महाराष्ट्रात झाडझाडोरा काढण्याचे काम आता बहुतांशी जेसीबीकडे गेले आहे. वेड्या बाभळीपुरते ते योग्यच, कारण ती जमिनीलगत कापली की बुडख्यातून पुन्हा फुटते आणि तिला खणूनच काढावे लागते.