नागपूरच्या उन्हात सॅलडची पानं

ऑक्टोबरच्या तापत्या दिवसांत लेट्यूस पेरलं की वाफा बहुधा रिकामाच राहतो आणि आपण बियाणं देणाऱ्याला बोल लावतो. पण ते बी मेलेलं नसतं, थांबलेलं असतं.

लेट्यूसचे जंगली भाईबंद भूमध्य सागराच्या आसपासचे. तिथे उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. गरम मातीत उगवणारं रोप तिथे वाचणं कठीण. म्हणून माती साधारण 28-30 अंशांपुढे तापली की बऱ्याच जातींच्या बियांत ॲब्सिसिक आम्ल हे उगवण रोखणारं द्रव्य चढं राहतं, भ्रूणाभोवतीचा पातळ थर सैल होत नाही आणि कोंब आतच अडकतो. उपाय सोपा आहे. बी ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं, संध्याकाळी पेरायचं, वर माती नावापुरतीच टाकायची, कारण अनेक जातींच्या बियांना उजेड लागतो. 1952 साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला याच बियांवर लाल प्रकाश टाकला तेव्हा त्या उगवल्या, त्यानंतर अतिलाल (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा) प्रकाश टाकला तर थांबल्या. फायटोक्रोम या उजेड ओळखणाऱ्या रंगद्रव्याचा शोध त्या प्रयोगांतूनच पुढे लागला.

नागपुरात या पिकाचे खरे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये दिवस मोठा होतो, ऊन चढतं, आणि मधून दांडा वर येतो. तेव्हा पान तोडून बघा, देठातून पांढरा चीक येतो. लॅक्ट्यूसिनसारखी कडू द्रव्यं त्यातच असतात. सांभारही (कोथिंबीर) याच सुमारास फुलावर येतो. हिरव्या जाळीनं आठवडा-दोन आठवडे मिळतील, मे महिना नाही मिळणार.

मे महिन्यासाठी वेगळीच पानं हवीत, आणि ती आपल्याकडे आहेत. माठाची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत कडक उन्हातही नीट चालते. घोळ त्याहून पुढची: पाणी तुटलं की ती दिवसा पर्णरंध्रं मिटते, रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेते आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. त्यामुळे तहानलेल्या घोळीचं पान पहाटे जास्त आंबट लागतं, दुपारनंतर कमी. कांदा, लिंबू घालून ती कच्ची फार छान लागते. मात्र तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल बरंच असतं, मुतखड्याचा त्रास असेल त्यांनी टाळावी.

पावसाळ्यात आपली काळी माती फुगते, तिच्यातल्या पोकळ्या पाण्यानं भरतात आणि मुळांना हवा मिळत नाही. तेव्हा गादीवाफा उंच करावा. मातीचे शिंतोडे उडालेली पानं मात्र कच्ची खाऊ नयेत, शिजवूनच खावीत.