निकोटीन गम म्हणजे नवं व्यसन? नाही

'सिगारेट सोडून गम धरलं, म्हणजे व्यसन तेच,' असं ठाण्यातल्या ओपीडीबाहेर आजही ऐकू येतं. चूक. कॅन्सर होतो तो मुख्यतः धुरातल्या विषारी रसायनांमुळे. सिगारेट सुटावी म्हणून चघळायच्या या गममधून फक्त निकोटीन मिळतं, तेही हळूहळू.

मात्रेसाठी एकच प्रश्न: उठल्यावर पहिली सिगारेट कधी? अर्ध्या तासाच्या आत असेल तर ४ मिग्रॅ, नंतर असेल तर २.

'उपयोग झाला नाही' म्हणणारे बरेचदा ते साध्या च्युइंगगमसारखं चघळत राहतात. मग निकोटीन पोटात जातं, उचक्या लागतात, छातीत जळजळतं. चव तिखट झाली की थांबून गालात धरायचं, झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा चावायचं. असं अर्धा तास. आधीची १५ मिनिटं खाणंपिणं बंद, स्टेशनबाहेरचा कटिंगसुद्धा! सुमारे १२ आठवड्यांत कमी करत थांबवायचं.