उन्हाचं बळ सावलीला विचारा

जुलै उजाडला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरायला लागतो. उद्या पहाटेपासून ‘अफेलियन’ सुरू, पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, ऑगस्टपर्यंत गारठा राहणार, सर्दी-खोकला वाढणार, सगळ्यांना कळवा. सोबत आकडे : नेहमीचं अंतर 9 कोटी किलोमीटर, आता 15 कोटी 20 लाख! त्या दिवसांत सांगलीत आभाळ भरलेलं असतं, हवा गार असते, त्यामुळे वाचणाऱ्याला पटतंही.

यातले 15 कोटी 20 लाख बरोबर आहेत. पण आपलं सरासरी अंतरच सुमारे 15 कोटी किलोमीटर आहे, म्हणजे 9 कोटी 30 लाख मैल. मैलांचा आकडा बहुधा किलोमीटर म्हणून खपवला गेला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्य सर्वांत जवळ, 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर असतो, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब. दोन्ही टोकांमध्ये सूर्यप्रकाशाचा फरक पडतो जेमतेम 7 टक्के. शिवाय आपण स्वेटर घालतो ते सूर्य जवळ असताना! तेव्हा अंतराचा नाद सोडू आणि कोनाकडे वळू.

सपाट अंगणात एक काठी सरळ उभी करा. काठी, तिची सावली आणि काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंत ताणलेली दोरी, हा झाला काटकोन त्रिकोण. दोरी म्हणजे सूर्यकिरणाची वाट. आता काठीच्या उंचीला दोरीच्या लांबीने भागा. येणारं उत्तर म्हणजे किरणांच्या ताकदीचा किती हिस्सा जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरला मिळतो, ते प्रमाण. दहावीत याच गुणोत्तराला साइन म्हणून घोकलं होतं. सूर्य माथ्यावर असेल तर सावली नाही, दोरी काठीएवढीच, उत्तर 1. सावली काठीएवढी झाली की 0.71. दुप्पट झाली की 0.45, म्हणजे निम्म्याहून कमी. एक मीटर रुंदीचा किरणांचा झोत तिरपा पडला की तोच सव्वादोन मीटर जमिनीवर पसरतो. प्रकाश तेवढाच, वाटेकरी जास्त.

गंमत अशी की हाच त्रिकोण आपल्याला दुसऱ्यांदाही भुर्दंड घालतो. जमिनीवर पोचण्याआधी किरणांना वातावरणातून यावं लागतं. भागाकार उलटा केला, म्हणजे दोरी भागिले काठी, की किरणांनी माथ्यावरच्या वाटेच्या किती पट हवा कापली ते कळतं. सूर्य क्षितिजापासून 30 अंशांवर असेल तर दुप्पट हवा. डिसेंबरात सकाळी आठच्या सुमारास तो इथे 12 अंशांच्या आसपास असतो, तेव्हा जवळपास पावणेपाच पट. हवा स्वच्छ असली तरी झोत तिथेच निम्म्यावर येतो, आणि उरलेला पाचपट जमिनीवर विरतो. कोवळं ऊन कोवळं असतं ते यामुळे. (अगदी क्षितिजाजवळ हे सूत्र फसतं. पृथ्वी गोल असल्याने हवा अनंत पट होत नाही, 38 पटींच्या आसपास थांबते.)

सांगली साधारण 16.85 उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या 22 तारखेच्या सुमारास भर दुपारीही सूर्य 50 अंशांच्या वर जात नाही, गुणोत्तर 0.76, म्हणजे जवळपास चौथाई ऊन पसरण्यातच गेलं. त्यात दिवस जूनपेक्षा दोन तासांनी लहान. जानेवारीतल्या जवळिकीचा फायदा सरासरीच्या तुलनेत 3 टक्के, तो कुठे पुरणार? उलट 7 मेच्या सुमारास सूर्य बरोबर माथ्यावर येतो, साताऱ्यात तीनचार दिवसांनी. हा शून्य सावलीचा दिवस बघायला बाराला उभे राहाल तर सावली दिसेलच. आपलं घड्याळ प्रयागराजजवळच्या (पूर्वीचं अलाहाबाद) रेखांशाचं आहे, इथली खरी मध्यान्ह साडेबाराच्या सुमाराला. दुसरी संधी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येते आणि बहुतेकदा ढगांत जाते.

मधले तीन महिने दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्या दिवसांत भर दुपारी घराच्या दक्षिण भिंतीवर थेट ऊन अजिबात पडत नाही. डिसेंबरात मात्र त्याच भिंतीला झोताचा 65 टक्के हिस्सा मिळतो. दक्षिण दिशेला यम बसवून दार हलवायला लावणाऱ्या सल्लागारांनी एकदा भिंतीला हात लावून बघावा. थंडीत तीच भिंत उबदार असते.

सध्या गच्चीगच्चीवर सोलर बसतंय आणि लोक विचारतात, पॅनेल सपाट का नाही ठेवत? दक्षिणेकडे 17 अंश कललेलं पॅनेल डिसेंबरच्या दुपारी 0.92 हिस्सा घेतं, सपाट असतं तर 0.76. जूनच्या मध्यान्हीला उलटं होतं : सपाट 0.99, कललेलं पुन्हा 0.92. पण जूनमध्ये वर ढगच जास्त, तेव्हा तिथला तोटा किरकोळ. डिसेंबरच्या निरभ्र आकाशातला फायदा खरा हाती लागतो. आणि कलत्या काचेवरची धूळ पावसात वाहून जाते, सपाट काचेवर तिचा चिखल साचतो.